बिनपंखांचा रातकिडा : गुहेत आणि बेटावर

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की त्या रात्री क्रांती चौकातील दिव्यांखाली पाहण्यासारखे दृश्य असते. पुतळ्याभोवतीचे झोत, उड्डाणपुलाचे दिवे, दुकानांच्या उजळलेल्या पाट्या, जिथे उजेड तिथे कीटकांच्या घिरट्या. त्यांत पंख फुटलेली वाळवी असते, हिरवे नाकतोडे असतात आणि काळे, चकचकीत रातकिडेही असतात. पहाटे रस्ता झाडणाऱ्यांच्या केरसुणीखाली पंखांचा नुसता खच येतो.

निवासी शाळेत वाढलेल्या कोणालाही रातकिड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. वसतिगृहातील दिवे मालवले, मुलांची कुजबुज थांबली की भिंतीच्या कुठल्याशा फटीतून ती किर्र सुरू होई. घरची आठवण येऊन जागे राहिलेल्या कितीतरी मुलांना त्या आवाजानेच सोबत केली असेल. आवाज बंद करावा म्हणून त्या फटीत कागदाचे बोळे कोंबणारेही आपल्यात असतील.

या लेखाचा विषय मात्र त्या रातकिड्याचे असे भाऊबंद आहेत की जे उडत नाहीत, गात नाहीत आणि दिव्याकडे झेपावण्याऐवजी त्याच्यापासून दूर पळतात. त्यांतले काही खोल गुहांमध्ये राहतात, तर काही महासागरातील एकाकी बेटांवर. हे जीव असे का झाले, हे समजून घेताना 'जात' या शब्दाचा खरा अर्थही आपल्या हाती लागतो. आपल्या समाजाला त्या अर्थाशी विशेष कर्तव्य आहे.

गाणारे पंख आणि मुकी शरीरे

रातकिडे, नाकतोडे आणि टोळ हे सर्व कीटकांच्या एकाच गणात मोडतात. या गणाचे शास्त्रीय नाव ऑर्थोप्टेरा, म्हणजे सरळ पंखांचे. त्यांतील लांब शृंगिकांची (बोलीत आपण त्यांना मिशा म्हणतो) मोठी शाखा रातकिड्यांची आणि त्यांच्या आप्तांची.

रातकिडा तोंडाने गात नाही, तो पंखांनी गातो. नराच्या एका पुढच्या पंखावर कानशीसारखी दातेरी शीर असते आणि दुसऱ्या पंखाची कडा तिच्यावर घासली की आवाज निघतो. ऐकण्याचे अवयव डोक्यावर नसून पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या किंचित खाली असतात. म्हणजे पंख हे रातकिड्याचे विमानही आहे आणि वाद्यही. उडता येत नसले तरी केवळ गाण्यापुरते आखूड पंख राखून असलेल्या रातकिड्यांच्या जाती पुष्कळ आहेत.

याच शाखेत रॅफिडोफोरिडी नावाचे एक प्राचीन कुळ आहे. पाठीला बाक असल्यामुळे पाश्चात्त्य देशांत त्यांना उंट-रातकिडे म्हणतात आणि गुहांमध्ये आढळतात म्हणून गुहा-रातकिडे. खऱ्या रातकिड्यांचे हे सख्खे नव्हेत, लांबचे चुलत. या कुळातील शेकडो जातींपैकी एकीलाही पंख नाहीत. पंख नाहीत म्हणून गाणे नाही, आणि पायांवरचे ते कानही नाहीत. त्यांचा व्यवहार स्पर्शावर, गंधावर आणि जमिनीतून येणाऱ्या कंपनांवर चालतो. पाय लांबसडक आणि शृंगिका शरीराच्या कित्येक पट लांब. अंध माणसाने पांढरी काठी टेकीत वाट काढावी, तसे हे कीटक शृंगिका फिरवीत अंधार चाचपतात.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की खऱ्या रातकिड्यांच्या घराण्यातही काही जाती गुहेत शिरल्या आणि त्याही अशाच झाल्या : लांब पाय, लांब शृंगिका, फिकट रंग, पंखांना रजा. दोन निराळी घराणी, पण परिस्थिती सारखी म्हणून रूपही सारखे. परिस्थिती घडवते, हा धडा येथे उघड्या पुस्तकासारखा वाचता येतो.

पंख जातात ते कसे?

'वापर थांबला म्हणून पंख झडले' असे आपण सहज म्हणून जातो, परंतु ते बरोबर नाही. बापाने आयुष्यभर पंख मिटून ठेवले म्हणून मुलगा बिनपंखांचा जन्माला येत नाही. घडते ते असे. प्रत्येक पिढीत काही कीटकांचे पंख जन्मतःच थोडे लांब, काहींचे थोडे आखूड असतात. पंख आणि ते हलवणारे स्नायू बाळगणे हा शरीराला मोठा खर्च आहे. रातकिड्यांच्या काही जातींत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. त्यांचा अभ्यास केल्यावर दिसले की आखूड पंखांच्या माद्या लवकर आणि अधिक अंडी घालतात. जिथे उडण्याने अन्न किंवा जोडीदार मिळतो, शत्रू टळतो, तिथे हा खर्च परवडतो. जिथे उडून काहीच हाती लागत नाही, तिथे काटकसर करणाऱ्याची संतती वाढते. हजारो पिढ्यांनंतर सगळेच बिनपंखांचे दिसू लागतात.

बेटांवर या हिशोबात वारा भर घालतो. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात मदेरा बेटांचा दाखला दिला होता. त्या वेळी ज्ञात असलेल्या तेथील ५५० भुंगेऱ्यांच्या जातींपैकी सुमारे २०० जातींना उडता येत नव्हते. जो उडाला तो वाऱ्याने समुद्रात गेला, जो जमिनीला चिकटून राहिला तो वाचला, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. त्यावर शतकाहून अधिक काळ वाद झाला. २०२० साली ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी अंटार्क्टिकाभोवतीच्या बेटांवरील कीटकांची मोजदाद केली, तेव्हा तेथील मूळच्या जातींपैकी जवळजवळ निम्म्या बिनउड्डाणाच्या निघाल्या. जगभरात हे प्रमाण सुमारे ५ टक्के आहे. कारणांचा शोध घेता वाऱ्याचा वाटा मोठा ठरला. वाऱ्यात उडायला शक्ती अधिक लागते, आणि ती शक्ती अंड्यांसाठी वाचवणारा पुढे जातो.

बदल नेहमी लाखो वर्षे घेतो असेही नाही. हवाई द्वीपसमूहातील कवाई बेटावर एका जातीच्या रातकिड्याचे गाणे ऐकून त्याला शोधणारी एक माशी आहे. गाणाऱ्या नरावर ती आपल्या अळ्या सोडते आणि त्या त्याला आतून पोखरतात. २००३ साली मार्लीन झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की त्या बेटावरील नव्वद टक्क्यांहून अधिक नर मुके झाले आहेत. त्यांचे पंख जागेवर होते, परंतु त्यांवरील वाद्य जवळजवळ पुसले गेले होते. हा बदल अवघ्या वीसेक पिढ्यांत घडला होता. जिथे गाणे म्हणजे मरण, तिथे मौनच वंश चालवते.

म्हणून पंख नसणे ही अधोगती नव्हे. जीवसृष्टी ही एखादी शिडी असून प्रत्येक जीव तिच्या वरच्या किंवा खालच्या पायरीवर उभा आहे, ही कल्पना माणसाने आपल्या समाजावरून निसर्गावर लादली आहे. गुहेतला बिनपंखी रातकिडा चौकातल्या पंखवाल्यापेक्षा हलका नाही. तो निराळ्या जागी निराळ्या कामाला योग्य झाला आहे, इतकेच.

समुद्रातील बेटे

आता एक पेच उभा राहतो. ज्या कुळाला मुळातच पंख नव्हते, ते दूर समुद्रातील बेटांवर पोहोचले कसे?

उत्तराचा एक भाग पृथ्वीच्या इतिहासात आहे. दक्षिण गोलार्धातील भूखंड एके काळी जोडलेले होते. त्या महाखंडाला शास्त्रज्ञांनी गोंडवन हे नाव दिले, ते आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून. उंट-रातकिड्यांची एक उपशाखा आज दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अशी विखुरलेली आहे. एकाच घरातील माणसे घर फुटल्यावर चार गावांना जावीत, तसे भूखंड दुभंगताना हे कीटक आपापल्या तुकड्यासोबत गेले, असे मानले जाते. न्यूझीलंडचा भूभाग सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी विलग झाला.

दुसरा भाग लाटांचा आहे. पुरात उन्मळलेले झाड समुद्रात वाहत जाते, आणि त्याच्या ढोलीत किंवा सालीखाली एखादी गर्भार मादी असेल तर एका बेटाला नवा रहिवासी मिळू शकतो. हजारदा प्रवास फसेल, एकदा साधेल. निसर्गाला घाई नसते.

न्यूझीलंडमध्ये या कीटकांना माओरी भाषेत 'वेटा' म्हणतात. त्या देशाच्या दक्षिणेला आणि पूर्वेला स्नेअर्स, ऑकलंड, कॅम्पबेल, बाउंटी, चॅथम अशी एकाकी बेटे आहेत आणि तेथे गुहा-वेटांच्या स्वतंत्र जाती नांदतात. बाउंटी बेटे म्हणजे तर समुद्रातून वर आलेले उघडे खडक. मुख्य भूमीपासून सुमारे ७०० किलोमीटर दूर. सगळे खडक मिळून क्षेत्रफळ दीड चौरस किलोमीटरही भरत नाही. झाड नाही, झुडूप नाही. पेंग्विन आणि अल्बट्रॉस पक्ष्यांच्या गर्दीत खडकांच्या भेगांमधून तेथे एक गुहा-वेटा जगतो. १८९५ साली त्याला 'आयसोलॅटम' असे जातिनाम मिळाले. त्याचा अर्थच 'एकाकी'. पलीकडे, दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळील फॉकलंड बेटांवरही या कुळातील एक जात आहे. गुहा नसली तरी चालते. ओल, अंधार आणि फट मिळाली की यांना पुरते.

अशा एकांतवासाला एक मोठा धोका असतो. माणसाच्या आगमनापूर्वी न्यूझीलंडमध्ये जमिनीवर चालणारे सस्तन प्राणी जवळजवळ नव्हतेच, होती ती वटवाघळे. वेटांचे शत्रू पक्षी होते. पक्षी डोळ्यांनी शिकार करतो, तेव्हा रात्री बाहेर पडणे आणि चाहूल लागताच निश्चल बसणे हा उत्तम बचाव होता. माणसाच्या जहाजांतून उंदीर आले. उंदीर वासाने शिकार करतो. निश्चल बसलेला वेटा त्याच्यासाठी ताटात वाढलेला घास ठरला.

वेटांपैकी सर्वांत अवाढव्य म्हणजे वेटापुंगा. तो गुहा-वेटांच्या कुळातला नसून शेजारच्या कुळातला, पण तोही बिनपंखांचाच. अंड्यांनी भरलेल्या एका मादीचे वजन ७१ ग्रॅम भरल्याची नोंद आहे, म्हणजे दोन चिमण्यांहून अधिक. मुख्य भूमीवरून तो नामशेष झाला आणि हाऊतुरू नावाच्या एकाच बेटावर उरला. तेथील मांजरे आणि उंदीर हटवले गेले. मग वेटापुंगाची पिंजऱ्यात पैदास करून त्याला आसपासच्या सुरक्षित बेटांवर पुन्हा सोडण्यात आले. कॅम्पबेल बेटावरही २००१ साली उंदीर हटवण्याची मोठी मोहीम यशस्वी झाली. एका कीटकासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न तेथेही विचारला गेला असेलच. त्याचे उत्तर त्या कृतीतच आहे : जो जीव जगात दुसरीकडे कोठेच नाही, त्याची जबाबदारी ज्याच्या अंगणात तो आहे त्याच्यावर असते.

जमिनीखालील बेटे

मराठीत 'बेट' हा शब्द फक्त पाण्याने वेढलेल्या जमिनीसाठी नाही. शेताच्या बांधावरच्या वेळूच्या जाळीलाही आपण बेटच म्हणतो. भोवतालापासून वेगळे, आपल्यात दाटलेले ते बेट. या अर्थाने प्रत्येक गुहा हे एक बेट आहे. तिच्याभोवतीचा समुद्र उजेडाचा आणि कोरड्या हवेचा असतो. गुहेतल्या जिवाला तो समुद्र ओलांडणे पाण्याइतकेच अवघड.

खोल गुहेत वर्षभर तापमान जवळजवळ सारखे राहते आणि हवा ओलीचिंब असते. सूर्यप्रकाश नाही म्हणून वनस्पती नाहीत. सारे अन्न बाहेरून येते : वटवाघळांची विष्ठा, पुराने वाहून आणलेला पालापाचोळा, मेलेले जीव. अशा तुटपुंज्या शिधावर जगायचे तर डोळे, रंग, पंख यांवरचा खर्च वाचवून स्पर्श आणि गंध तीक्ष्ण करणे हेच शहाणपण ठरते.

उष्ण प्रदेशांत असे खरे गुहावासी फारसे नसावेत, असा समज बराच काळ होता. कोवळ्या ज्वालामुखी बेटांवर तर नाहीच नाही. १९७१ साली फ्रान्सिस हॉवर्थ यांनी हवाईतील लाव्हाच्या बोगद्यांत शिरून तो खोटा ठरवला. वाहत्या लाव्हाचा वरचा थर थिजतो, आतला रस पुढे निघून जातो आणि मागे लांबच लांब पोकळी उरते. त्या पोकळ्यांत त्यांना फिकट, बिनपंखी रातकिडे भेटले. त्यांचे आप्त आजही समुद्रकाठच्या, लाटांनी भिजणाऱ्या खडकांवर राहतात. त्याच गोतातील आणखी एक जात नुकत्याच निवालेल्या लाव्हावर, गवताचे पातेही उगवण्यापूर्वी, बिऱ्हाड थाटते. एक घराणे, तीन वस्त्या : किनारा, कोरा लाव्हा आणि काळोखी बोगदा.

ज्या खडकात हे बोगदे आहेत तो बेसॉल्ट आपल्याला परका नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर आपले शहर, मराठवाडा आणि बहुतेक महाराष्ट्र उभा आहे. अजिंठा, वेरूळ आणि आपली औरंगाबाद लेणी त्याच काळ्या पाषाणात कोरलेली आहेत.

भारतातील गुहा-रातकिड्यांसाठी मात्र चुनखडीच्या प्रदेशात जावे लागते. मेघालयातील गारो टेकड्यांमध्ये सिजू नावाची गुहा आहे. १९२२ साली स्टॅन्ली केम्प आणि चोप्रा या प्राणिशास्त्रज्ञांनी तिची कसून पाहणी केली. भारतीय गुहाजीवनाच्या अभ्यासातील तो पायाचा दगड होय. आपल्याला जवळची म्हणजे गडचिरोलीच्या पलीकडे, बस्तरमध्ये, जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यातील कोटुमसर गुहा. विसाव्या शतकाच्या मध्यास डॉ. शंकर तिवारी यांनी तिचा शोध घेऊन ती अभ्यासकांसमोर आणली. तेथील रातकिड्याचे १९७७ साली शास्त्रीय वर्णन झाले आणि त्याला नाव मिळाले केम्पिओला शंकरी. एका छोट्या मुक्या जिवाच्या नावात गुहेच्या शोधकर्त्याचे नाव असे कायमचे गुंफले गेले. हा रातकिडा खऱ्या रातकिड्यांच्या घराण्यातला. त्याला उडता येत नाही आणि लांब शृंगिकांच्या आधाराने तो भिंतींवर व मातीच्या तळावर वावरतो.

याच गुहेच्या डबक्यांत एक लहान मासाही आहे. त्याचे नाव इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी. ही जात प्रथम एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या परिसरातून नोंदवली गेली, आणि आपल्या ओढ्या-नद्यांत ती डोळस आणि ठिपकेदार आहे. कोटुमसरच्या अंधारात त्याच माशाचे डोळे खुजे आणि रंग फिका झालेला आढळतो. एक पाऊल उजेडात, एक पाऊल अंधारात अशी ही वाटचालीच्या मध्यावरची अवस्था आहे. नवी जात घडताना पाहायची असेल तर ती अशा ठिकाणी पाहावी.

मग आपल्या लेण्यांत अशी स्वतंत्र जात का नसावी? लेण्यांत वटवाघळे आहेत, पाली आहेत, कोळी आणि कीटकही आहेत. परंतु लेणे ही माणसाने छिन्नीने घडवलेली जागा आहे. तिच्या दारातून उजेड व वारा सहज आत येतो आणि जीव ये-जा करतात. शिवाय तिचे वय दीड-दोन हजार वर्षांचे. माणसाच्या हिशोबात हा काळ मोठा, पण वेगळी जात घडण्यासाठी फार तोकडा. कवाईच्या रातकिड्याचे गाणे वीस पिढ्यांत गेले खरे, परंतु तो आजही त्याच जातीचा आहे. एखादे लक्षण बदलणे वेगळे आणि जात वेगळी होणे वेगळे. त्यासाठी लागतो दीर्घकाळचा, अभेद्य दुरावा.

'जात' या शब्दाचा खरा अर्थ

येथे आपण लेखाच्या गाभ्याशी पोहोचतो. जीवशास्त्राच्या दृष्टीने जात म्हणजे असा समूह, ज्यांचा आपसांत वंश चालतो आणि इतरांशी चालत नाही. दुरावा पुरेसा लांबला की दोन समूह इतके बदलतात की पुन्हा भेटले तरी त्यांचे जुळत नाही.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी नेमका हाच भेद समजावला आहे. माणूस जन्माने श्रेष्ठ ठरतो की कर्माने, असा दोन तरुणांमध्ये वाद होता. बुद्धांनी त्यांना प्रथम गवत आणि वृक्षांकडे पाहायला सांगितले, मग किडे-पतंगांकडे, चतुष्पादांकडे, सापांकडे, माशांकडे, पक्ष्यांकडे. या सर्वांत जन्मसिद्ध खुणा निरनिराळ्या आहेत, म्हणून त्यांच्या जाती खरोखर निराळ्या. माणसांमध्ये मात्र केसांपासून पायांपर्यंत अशी एकही खूण सापडत नाही. माणसांतले भेद नावापुरते, व्यवहाराचे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या युक्तिवादात कीटकांचा दाखला आहे, ही गोष्ट विज्ञान शिकवणाऱ्याला विलक्षण वाटते.

आधुनिक शास्त्राची साक्ष त्याच बाजूची आहे. १९७२ साली रिचर्ड ल्युवॉन्टिन यांनी दाखवले की माणसांतील आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील आणि हार्वर्डमधील संशोधकांनी २०१३ साली भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात आपल्या देशातील समूहांची भरपूर सरमिसळ झाली आणि त्यानंतर ती आटत गेली, कारण विवाह जातीच्या आत बंदिस्त झाले. म्हणजे जातीच्या भिंती निसर्गाने घातलेल्या नाहीत. त्या उभारल्याची खूण आपल्या रक्तात आहे, आणि त्याआधी आपण सारे मिसळलो होतो याचीही.

शंभर वर्षांपूर्वी जनुकांचे हे शास्त्र नव्हते. तरीही १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे मर्म नेमके सांगितले होते. जातीअंतर्गत विवाह हेच ते मर्म, आणि जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग. बेटांच्या भाषेत बोलायचे तर, समुद्र नसताना माणसाने खोदलेला हा खंदक आहे. रातकिड्याचे बेट महासागराने घडवले, त्याला इलाज नव्हता. आपले बेट आपण केले आहे, तेव्हा त्यावर पूल बांधणेही आपल्याच हाती आहे. विविध गावांची, विविध घरांची मुले ज्या शाळेत एका पंगतीला जेवतात आणि एका छपराखाली निजतात, ती शाळा असा एक पूलच असते.

पाऊल टाकण्यापूर्वी

शेवटी पुन्हा गुहेकडे. गुहेतील मादी सुईसारख्या अवयवाने ओल्या मातीत अंडी घालते. हौशी पर्यटकांचा जथा वाट सोडून आत शिरतो, तेव्हा त्या मातीवर शेकडो पावले पडतात. पेटत्या मशालींचा धूर कोंडतो, आरडाओरड्याने वटवाघळे जागा सोडतात आणि त्यांच्याबरोबर गुहेतले अन्नच निघून जाते. पंख असलेला जीव दुसरीकडे उडून जाईल, पण बिनपंखी रातकिड्याने जावे कोठे? त्याचे सारे जग एका गुहेच्या भिंतींत संपते. तिथून तो गेला म्हणजे पृथ्वीवरून गेला. लाखो वर्षांत घडलेली जात एका हंगामात पुसली जाऊ शकते, आणि तिचे मौन इतके जुने असते की ती गेल्याचे कोणाला ऐकूही येत नाही.

कोटुमसर गुहा पावसाळ्यात पाणी भरते म्हणून बंद ठेवली जाते. या निमित्ताने एक गोष्ट आठवते. आपल्या परिसरातील लेणी भिक्खूंच्या वर्षावासासाठी उपयोगी पडली, हे आपण शाळेत शिकलो. पण वर्षावासाचा नियम का झाला? विनयपिटकात त्याचे कारण नोंदले आहे. पावसाळ्यात भिक्खू हिंडत, तेव्हा त्यांच्या पायांखाली हिरवे गवत आणि असंख्य लहान जीव चिरडले जात. लोकांनी त्यावर नापसंती व्यक्त केली, आणि भगवान बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. किड्यामुंगीच्या जिवासाठी पाऊल आवरणारी ही परंपरा आहे. डोंगरात कोरलेल्या निवासांशी तिचे नाते असे जुने आहे.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. मुलांना घेऊन लेण्यांना किंवा गुहांना जाल तेव्हा आखलेल्या वाटेवरूनच चला. बॅटरी पायांपुरती लावा, आवाज हलका ठेवा, खाद्यपदार्थ आणि प्लास्टिक बाहेर ठेवा. मग मिनिटभर दिवे मालवून उभे राहा आणि मुलांना तो काळोख अनुभवू द्या. आपल्याला रिकामा वाटणारा अंधार कोणाचे तरी भरलेले घर असते, हे तेव्हा सांगून पटवावे लागत नाही.

पाली भाषेत 'दीप' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात : दिवा आणि बेट. तथागतांनी अखेरच्या दिवसांत भिक्खूंना स्वतःच स्वतःचा दीप होण्याचा उपदेश केला. आपण त्याचा अर्थ दिवा असा घेतो, तर पाली अर्थकथा तेथे बेट असा अर्थ सांगतात : पुराच्या लोटात पाय टेकायला मिळणारी कोरडी जमीन. दोन्ही अर्थ आपल्या उपयोगाचे आहेत. पाहण्यासाठी दिवा हवा आणि बुडणाऱ्याला आसरा देण्यासाठी बेट. पुढच्या मृगात क्रांती चौकातल्या दिव्याखाली एखादा रातकिडा पायाशी आला, तर त्याच्या दूरच्या मुक्या नातलगांची आठवण ठेवून पाऊल जरासे बाजूला टाकावे.